प्रतिसाद: २७ इंची मॉनिटर घ्यावा का २४?

२७ इंच, १०८०पी (१९२० बाय १०८० पिक्सेल) आणि १६५ हर्ट्झचा (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर स्वस्तात मिळतोय, घ्यावा का, असं विचारलंय. नको. त्या आकाराला इंचात जेमतेम ८२ पिक्सेल बसतात, हातभर अंतरावरून अक्षरं फाटलेली दिसतात. १०८०पी हवा तर २४ इंच (९२ पिक्सेल), २७ हवा तर १४४०पी (२५६० बाय १४४०, म्हणजे इंचात १०९). मात्र १४४०पीला पिक्सेल पावणेदोन पट, तेव्हा ग्राफिक्स कार्डाचा दम आधी बघा.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात बघायला गेलात तर चकचकीत डेमो व्हिडिओवर भुलू नका, तिथं सगळेच मॉनिटर नाद खुळा दिसतात. ब्राउझरमध्ये काळ्या पानावरचा करडा मजकूर भराभर वर-खाली सरकवा. व्हीए पॅनल (एलसीडी पडद्याचा एक प्रकार) असेल तर अक्षरांमागं काळपट शेपूट बऱ्याचदा दिसतं. ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला रंग लवकर बदलायला लावणारी मॉनिटरची सेटिंग) मधल्या पायरीवर ठेवा. शेवटच्या पायरीवर कडेला पांढरट सावली उमटते.

घरी आणल्यावर डिस्प्लेपोर्टची केबल ग्राफिक्स कार्डातच खोचा, मदरबोर्डात नाही. मग विंडोजच्या अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट (तेच वरचे हर्ट्झ) स्वतः निवडा. पुष्कळदा तो ६० वरच असतो, आणि लोक शिव्या मॉनिटरला देतात.