ओडेगार्डचं काय झालं होतं ते आठवा

लहान वयात परदेशी क्लबात गेलेल्या फुटबॉलपटूंबद्दल कुणीतरी लिहिलंय, "सोळाव्या वर्षी कोट्यवधींचा करार हातात पडल्यावर जुळवून घेण्याचं कसलं आलंय टेन्शन?" हे काही पटलं नाही बुवा.

नॉर्वेचा फुटबॉलपटू मार्टिन ओडेगार्डचंच बघा. जानेवारी 2015 मध्ये नॉर्वेतल्या ड्रामेनमधून हा पोरगा थेट स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबात. वडिलांनाही क्लबने कोचिंगचं काम दिलं होतं, म्हणजे घरचं माणूस सोबत होतं. तरी गोची झालीच. आठवडाभर सराव रोनाल्डो-मॉड्रिचच्या सीनियर संघाबरोबर आणि मॅच मात्र तिसऱ्या श्रेणीत, राखीव संघाकडून. ज्यांच्याबरोबर खेळायचं त्यांच्याशी सराव नाही, ज्यांच्याशी सराव त्यांच्यात जागा नाही. ना घरका ना घाटका! त्यात राखीव संघ हरला की पेपरवाले याच्याच नावाने खडे फोडणार.

मे महिन्यात गेटाफे क्लबविरुद्ध रोनाल्डोच्या जागी उतरला, 16 वर्षं 157 दिवसांचा, क्लबचा सर्वात लहान खेळाडू. झालं, अपेक्षा अजून वाढल्या. पुढे हेरेनव्हेन, व्हिटेस, रेआल सोसिएदाद अशा दुसऱ्या क्लबांकडे काही काळापुरती उसनवारीवर भटकंती. (माझ्या मते व्हिटेसच्या वर्षातच तो खरा सुटला. तिथे रोज खेळायला मिळालं आणि कॅमेरेही कमी.)

2021 मध्ये इंग्लंडचा आर्सेनल क्लब, 2022 मध्ये तिथलाच कर्णधार. तेव्हा वय 23. मधली सहा-सात वर्षं आपण सगळे त्याला "फुकट गेलेलं पोर" म्हणत होतो, मीसुद्धा.