हेराक्लिटसचं नदीचं वाक्य नेमकं कोणतं? आणि ‘डीके २२ बी १२’ म्हणजे काय?

वाचनखूण:
सॉक्रेटिसपूर्व ग्रीक तत्त्वज्ञ वाचायला घेतलेत. हेराक्लिटसचं नदीचं वाक्य तीन पुस्तकांत तीन तऱ्हांनी दिलंय. एकात ‘त्याच नदीत दोनदा उतरता येत नाही’, दुसऱ्यात ‘उतरतो आणि उतरत नाही’, तिसऱ्यात वेगळंच काही. शेजारी डीके २२ बी १२, बी ९१ असे आकडे. यातलं अस्सल कुठलं, हे कसं ठरवायचं? थेलीस ‘सगळं पाण्यापासून’ असं खरंच म्हणाला होता का?

तळटीप:
आधी आकडे. डीके म्हणजे डील्स आणि क्रांत्स. हर्मान डील्सने १९०३ मध्ये या सगळ्यांचे उरलेसुरले तुकडे एकत्र छापले, पुढे वाल्थर क्रांत्सने त्यात सुधारणा केल्या. पहिला आकडा माणसाचा: थेलीस ११, ॲनॅक्झिमँडर १२, हेराक्लिटस २२, पार्मेनिडीज २८, एम्पेडोक्लीज ३१, डिमॉक्रिटस ६८. ‘ए’ म्हणजे इतरांनी त्याच्याविषयी दिलेली माहिती, ‘बी’ म्हणजे त्याचे स्वतःचे मानलेले शब्द. ‘मानलेले’ हे विसरू नका. ‘बी’ हा डील्सचा निर्णय आहे, पुरावा नव्हे.

हेराक्लिटसच्या बाबतीत आणखी एक घोळ. त्याच्या तुकड्यांचा मूळ क्रम सापडेना, म्हणून डील्सने सुरुवातीचे एक-दोन सोडून बाकीचे बहुतेक सगळे उद्धृत करणाऱ्या लेखकाच्या नावाच्या वर्णक्रमाने लावले. म्हणून आरिअस डिडिमसकडून आलेला तुकडा बाराव्या क्रमांकावर आणि प्लूटार्ककडून आलेला ९१ वर. बी १ ते बी १२६ असं सलग वाचून विचारांचा ओघ शोधणारे बरेच भेटतात. तो ओघ रोमन वर्णमालेचा असतो.

खडूफळा:
नदीकडे येतो. उमेदवार चार आहेत.

बी १२: ‘त्याच नद्यांत उतरणाऱ्यांवर निरनिराळं पाणी वाहत येतं.’ आरिअस डिडिमसने दिलेलं, युसेबिअसच्या ग्रंथातून आपल्यापर्यंत आलेलं. भाषा आयोनियन या ग्रीक बोलीची, म्हणजे हेराक्लिटसच्या एफेसस शहराला शोभणारी.
बी ९१: ‘त्याच नदीत दोनदा उतरता येत नाही’, प्लूटार्ककडून.
बी ४९ए: ‘उतरतो आणि उतरत नाही, आहोत आणि नाही.’
चौथं प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ या संवादात, बी ९१ शी मिळतंजुळतं.

आता प्लूटार्क प्लेटोचा भक्त, तेव्हा बी ९१ प्लेटोच्या सारांशावरूनच आलं असावं अशी शंका रास्त आहे. आधुनिक अभ्यासकांपैकी कर्क आणि मार्कोविच फक्त बी १२ अस्सल मानतात. व्लास्टॉस यांनी मात्र उलट बाजू लढवली होती. मला कर्क पटतात, कारण अर्थातला फरक फार मोठा आहे. बी १२ मध्ये नद्या त्याच आहेत, बदलतं ते पाणी. पाणी वाहायचं थांबलं तर ती नदी राहणार नाही, डबकं होईल. म्हणजे बदलामुळेच टिकणं. प्लेटोने दिलेल्या रूपात मात्र काहीच टिकत नाही. त्याच्याही पुढे हेराक्लिटसचा अनुयायी क्रॅटिलस गेला: एकदासुद्धा उतरता येत नाही, असं तो म्हणे, हे ॲरिस्टॉटलने नोंदवलंय.

हेराक्लिटसच्या नावावर खपणारं ‘पांटा रेई’ (सगळं वाहतं) कुठल्याच ‘बी’ तुकड्यात नाही. टी-शर्टवर ठीक आहे.

वाचनखूण:
उलगडलं, आभार! पण थेलीस राहिला. त्याच्याबद्दल तर पाच-सहा लेखक एकच सांगतात, मग ते पक्कंच ना?

पूर्वपक्ष:
इथेच पाय घसरतो. ॲरिस्टॉटलने मतं नोंदवली, त्याचा शिष्य थिओफ्रॅस्टसने त्यांचा मोठा संग्रह केला, आणि नंतरच्या शतकांतले संग्रहकार बहुतांशी त्यावरूनच उतरवत गेले. हे डील्सनेच १८७९ मध्ये दाखवून दिलं. पाच साक्षीदार दिसतात, पण पाचही जण एकाच माणसाकडून ऐकलेलं सांगत असतात. त्यामुळे ‘ए’ विभागात साक्षी मोजू नका, त्यांची वंशावळ काढा.

चार्वाकांची गत आठवा. त्यांची मतं मुख्यतः विरोधकांच्या ग्रंथांत पूर्वपक्ष म्हणून उरली. फरक इतकाच की ॲरिस्टॉटल खंडनापेक्षा वर्गीकरण करतो: कारणं चार प्रकारची, आणि हे जुने लोक त्यातलं उपादान कारण (वस्तू कशाची बनली आहे ते) तेवढं ओळखत होते. थेलीसच्या ‘पाण्या’ला हा साचा ॲरिस्टॉटलचा. अन्न ओलसर असतं, बीजं ओलसर असतात ही कारणं देताना तो स्वतःच ‘कदाचित’ म्हणतो. त्याच्या हाताशी थेलीसचा ग्रंथ नव्हता. पृथ्वी पाण्यावर तरंगते हे मत मात्र तो वेगळं नोंदवतो, आणि थेलीसचं म्हणून तेच जास्त जुनं वाटतं.

थेलीसने सूर्यग्रहणाचं भाकीत केलं म्हणतात, त्याचंही तसंच. हेरोडोटस एवढंच म्हणतो की थेलीसने वर्ष सांगितलं होतं. २८ मे इ.स.पू. ५८५ ही तारीख आधुनिक गणिताची.

तळटीप:
पूरक: उद्धरण कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं तेही तपासा. प्राचीन ग्रीकमध्ये अवतरणचिन्हं नव्हती. ॲनॅक्झिमँडरचं प्रसिद्ध वाक्य (१२ बी १) ॲरिस्टॉटलचा भाष्यकार सिंप्लिशिअस याने इ.स.च्या सहाव्या शतकात दिलंय, म्हणजे हजारेक वर्षांनी. वस्तू ‘काळाच्या क्रमानुसार अन्यायाची भरपाई करतात’ यापाठोपाठ तो म्हणतो, की हे जरा काव्यात्म शब्दांत सांगितलंय. म्हणून निदान तेवढे शब्द मूळचे, यावर बहुतेकांचं एकमत. त्याआधीच्या भागावर भांडण आहे, कारण त्यातली परिभाषा ॲरिस्टॉटलच्या परंपरेची वाटते.

सुरुवात करायचीच तर पार्मेनिडीजपासून करा. सुमारे १६० ओळी हाती आहेत, त्याही षट्पदी (हेक्झामीटर) वृत्तात, त्यामुळे शब्द बदलले तर वृत्त मोडतं आणि लगेच कळतं. लांब उतारे उतरवून घेण्याचं एक कारण सिंप्लिशिअसने लिहून ठेवलंय: तेव्हाच ते पुस्तक दुर्मिळ झालं होतं.