उत्तर: तारखेसाठी एवढे पैसे?

'तारीख मोबाईलही दाखवतो, मग पर्पेच्युअल कॅलेंडरला लाखो रुपये कशाला?' हा प्रश्न रास्त आहे. (पर्पेच्युअल कॅलेंडर म्हणजे महिन्यांचे कमी-जास्त दिवस आणि लीप वर्षं स्वतःच सांभाळून तारीख दाखवणारं यांत्रिक घड्याळ.) पण उपयोगाच्या तराजूत तोललं, तर हे घड्याळ हरणारच. मजा आहे ती आत.

आयडब्ल्यूसी या स्विस घड्याळ कंपनीचं १९८५चं 'दा विंची' घ्या. कंपनीचे कारागीर कुर्ट क्लाउस यांनी त्याचं कॅलेंडर जवळपास ८० सुट्या भागांत बसवलं. त्यात चार वर्षांत एकच फेरी मारणारी एक चकती असते. तिच्या कडेला ४८ महिन्यांसाठी कमी-जास्त खोलीच्या खाचा असतात. एक तरफ त्या खाचेत टेकते आणि महिना ३० चा की ३१ चा ते खोलीवरून ओळखते. फेब्रुवारीची खाच सगळ्यात खोल, लीप वर्षातली किंचित उथळ. बस्स, एवढीच 'मेमरी'! बॅटरी नाही, चिप नाही.

वर्ष चार आकड्यांत दिसतं, त्यामुळे शतकाची पट्टी शंभर वर्षांतून एकदाच सरकते. डायलवर दिसणाऱ्या चंद्रकलेत एका दिवसाची चूक व्हायला १२२ वर्षं लागतात. हे कोण तपासणार म्हणा!

सगळी जुळवाजुळव एका क्राउनवरून (घड्याळाच्या कडेच्या किल्लीवरून) होते, ही खरी कमाल. जुन्या घड्याळांत काडीने बारीक बटणं दाबत बसावं लागे. एक खोट मात्र आहे: तारीख पुढे गेली की मागे घेता येत नाही. घड्याळ बंद ठेवून दिवस गाठेपर्यंत थांबायचं, नाहीतर कारागिराकडे धाडायचं. आणि २१०० हे लीप वर्ष नाही, पण चार वर्षांची चकती ते लीपच धरणार; तेव्हा १ मार्चला हात लावावाच लागेल.