वाकडे पाय सरळ झाले, आता घरात भांडण: पोऱ्या सिस्टर लोकांकडे ठेवायचा की घरी आणायचा?

चोपडेकर_भाऊ
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा. माझी मावसबहीण बाळंतपणानंतर काही महिन्यांत वारली. तिचा नवरा ऊसतोडीला जातो, दसऱ्यानंतर गेला की उन्हाळ्यातच उगवतो. पोऱ्याचे दोन्ही पाय जन्मापासून आत वळलेले, तळवे एकमेकांकडे बघताहेत असे. गावानं लगेच निकाल लावून टाकला की ग्रहणात हिनं भाजी चिरली. मावशीनं वणीच्या देवीला नवस बोलला, एका भगताचा दोरा आणला, शेवटी आशाताई मागे लागली म्हणून सरकारी दवाखाना दाखवला. पण दर आठवड्याला पोराला घेऊन एसटीनं कोण जाणार? तेव्हा बालकल्याण समितीच्या ऑर्डरनं तो कॅथलिक सिस्टर लोकांच्या बालगृहात गेला.

आता चार वर्षांचा होईल आणि पळतो हो, अंगणात कोंबडीच्या मागे पळतो. मावशी सगळ्या गावाला सांगत सुटलीय, "येसूनी पोऱ्याना पाय सीधा कया." इथूनच भांडण सुरू. मामा म्हणतात पोरगा बाटला, उद्याच्या उद्या घेऊन या. मी जाऊन बघून आलो. संध्याकाळी सगळी पोरं चटईवर बसून प्रार्थना करतात, मग एक म्हाताऱ्या सिस्टर येतात, पोऱ्याला मांडीवर घेतात, पाय हातात धरून डोळे मिटून काहीतरी पुटपुटतात आणि मग त्याला ते दांडीचे बूट घालतात. पोऱ्या रडत नाही, सवयीनं स्वतःच पाय पुढं करतो.

तर विचारायचं असं की हे पायावर हात ठेवून प्रार्थना वगैरे काय प्रकार आहे, औषधपाणी सोडून हेच करतात का? पोऱ्याला ख्रिश्चन करून टाकतील का? घरी आणायचा तर काय करावं लागतं? आणि सिस्टर मला म्हणाल्या रविवारी येऊन मोठ्या पोरांचं गणित घ्या. मी जावं का? आमच्यात कानबाई देवी बसते, मला उगाच कोणी काही बोलायला नको.

रात्रपाळीची_नर्स
भाऊ तुम्ही सगळं लिहिलं आणि मुख्य गोष्ट एका ओळीत गुंडाळली. ते दांडीचे बूट, म्हणजे मधल्या दांडीनं एकमेकांना जोडलेले दोन बूट! अहो तोच इलाज आहे.

याला क्लबफूट म्हणतात. साधारण हजारात एखाद्या बाळाला असतो, ग्रहणाचा आणि भाजीचा काडीचा संबंध नाही. आता सगळीकडे पोन्सेटी पद्धत वापरतात. दर आठवड्याला पाय हातानं थोडा थोडा वळवायचा आणि मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घालायचं, पुढच्या आठवड्यात काढून परत थोडं पुढं. असे पाच-सहा किंवा सात प्लास्टर लागतात. मग बहुतेक पोरांच्या टाचेमागची शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) बारीकशी कापतात आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. इथपर्यंत डॉक्टरचं काम. खरी परीक्षा नंतर असते. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास बूट आणि पुढं चार-पाच वर्षांचा होईपर्यंत रोज रात्री झोपताना. रोज म्हणजे रोज, ताप असो, लग्नघर असो, लाईट गेलेली असो. बूट सुटले की पाय परत आत वळायला लागतात, आमच्याकडे परत आलेल्या केसेस बहुतेक याच कारणानं येतात. पोरगं रडतं म्हणून आई एक रात्र सोडते, मग दुसरी, मग बूट माळ्यावर.

त्या सिस्टर बूट कसे घालतात ते नीट बघा एकदा. आधी टाच खाली दाबून बसवायची, मधला पट्टा आधी आवळायचा, मग बूट हलकेच ओढून बघायचा टाच वर सरकत नाही ना, मग बाकीचे पट्टे. हे ज्या बाईनं इतक्या रात्री केलं तिनं पाय धरून काय पुटपुटलं याच्याशी मला घेणंदेणं नाही. आणि मामांना विचारा, घरी आणल्यावर रात्री बूट कोण घालणार? मावशीला मोतीबिंदू असेल तर तो मधला पट्टा तिला दिसणार पण नाही.

रेल्वे_कॉलनी_भुसावळ
मी कॅथलिक, आजोबा रेल्वेत होते तेव्हापासून आम्ही इथलेच. दोन-तीन गोष्टी सांगतो, भांडायला नाही.

एक म्हणजे नवापूरकडे मांडव घालून चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरा करायच्या सभा होतात, माईकवरून "उठ आणि चाल" वगैरे, ते आणि हे एक नाही. तसले पंथ वेगळे. आमच्याकडे आजाऱ्यासाठी तेल लावायचा संस्कार असतो, पण तो फक्त फादर देऊ शकतात, सिस्टर नाही. सिस्टर करतात ती साधी प्रार्थना, तुमची आजी अंगारा लावताना पुटपुटते तितकीच. औषध सोडा असं कोणी सांगत नाही. उलट आमच्या बायबलात सिराकचं पुस्तक आहे, प्रोटेस्टंट लोकांच्या बायबलात ते नसतं, त्याच्या ३८ व्या अध्यायात सांगितलंय की वैद्याचा मान राख, त्यालाही देवानंच निर्माण केलंय, आणि औषधं देवानं मातीतून दिलीत, शहाणा माणूस ती टाकत नाही.

बाप्तिस्म्याचं म्हणाल तर चर्चचा कायदा आहे, कॅनन ८६८. आई-बापापैकी एकाची तरी किंवा कायदेशीर पालकाची संमती पाहिजे. पोरगं मरणाच्या दारात असेल तर अपवाद आहे, लपवत नाही. तुमचा भाचा कोंबड्यांमागे पळतोय म्हणजे तो अपवाद काही लागत नाही. बापाला सरळ विचारा त्यानं कशावर अंगठा दिलाय का, आणि सिस्टरांनाही तोंडावर विचारा, त्यांना राग येणार नाही. आला तर मला सांगा, मी येतो बरोबर.

धुळ्याचा_चिकित्सक
वरच्या भाऊंनी अपवाद स्वतःहून सांगितला हे आवडलं, पण मला तोच खटकतो. आजारी पोराच्या बाबतीत "मरणाच्या दारात" कोण ठरवणार? आणि संमती कागदावर असली तरी रोज संध्याकाळी गुडघे टेकणारं चार वर्षांचं पोर काय निवड करणार आहे, त्याला खाऊ कोण देतं तेवढंच कळतं.

चमत्काराचं पण बोलूया. मदर तेरेसांना २०१६ मध्ये संतपद मिळालं, त्याआधी २००३ मध्ये पहिली पायरी झाली ती बंगालमधल्या मोनिका बेसरा या आदिवासी बाईच्या पोटातली गाठ बरी झाली म्हणून. पोटावर मदरचं पदक ठेवलं आणि गाठ गेली असा दावा. तिच्यावर इलाज करणारे डॉक्टर म्हणाले अहो ती टीबीची गाठ होती, आमच्या गोळ्यांनी गेली. आता तुमच्या मावशीचं वाक्य परत वाचा. प्लास्टर घालणारा डॉक्टर कुठंय त्यात? आशाताई कुठंय? उद्या शेजारच्या वस्तीत पाय वाकडे असलेलं बाळ जन्मलं तर तिथली माय दवाखान्यात न जाता प्रार्थनेला बसेल, हे नुकसान आहे.

प्रार्थना करणं गुन्हा नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात घरातली, देवळातली, दर्ग्यातली, चर्चमधली उपासना वगळलेली आहे, तिच्यामुळे कोणाला इजा किंवा आर्थिक नुकसान होत नसेल तर. इलाजापासून अडवलं तर मात्र ते वेगळं. इथं अडवलेलं दिसत नाही, मान्य. पण श्रेय बरोबर माणसाला द्या एवढंच म्हणणं.

रेल्वे_कॉलनी_भुसावळ
@धुळ्याचा_चिकित्सक, मोनिका बेसराच्या केसवर आमच्यातही सगळ्यांचं एकमत नाही, मोकळेपणानं सांगतो. पण चर्च ऊठसूट चमत्कार म्हणत नाही हो. फ्रान्समध्ये लूर्दला १८५८ पासून लोक बरे व्हायला जातात, बरे झालो म्हणणारे हजारो आहेत, तिथं डॉक्टरांचं कायमचं ऑफिस बसवलंय तपासायला आणि आजवर चर्चनं मान्य केलेले चमत्कार सत्तरच्या आसपास. प्लास्टरनं बरा झालेला पाय त्या ऑफिसनं दारातूनच परत पाठवला असता. मावशी म्हणते ते मावशीचं प्रेम आहे, चर्चचा दावा नाही.

धुळ्याचा_चिकित्सक
चला, मग मावशीला कोणीतरी हे लूर्दचं समजावून सांगा. अहिराणीत.

चोपडेकर_भाऊ
मावशीला मी विचारलं काल फोनवर, म्हटलं मग वणीच्या नवसाचं काय? तर म्हणे तो पण फेडणार, चैत्रात पायी जाणार, "देव देवमा भांडन नही, तुमलेच भांडन लागस." डॉक्टरला विसरली का विचारलं तर म्हणे त्याला दादर ज्वारीचं पीठ आणि वांगी नेऊन दिली होती, त्यानं घेतली नाहीत, सिस्टरांनी घेतली. आता बोला.

बूट कोण घालणार या प्रश्नावर मामा गप्प आहेत. मामी म्हणाल्या मी शिकून घेते. खरंच घरी आणायचा झाला तर प्रोसिजर सांगा कोणीतरी.

तापीकाठची_ताई
मी बालसंरक्षणाच्या कामात बरीच वर्षं होते, म्हणून सांगते. पहिली गोष्ट, सिस्टरांशी भांडून काही होणार नाही. पोरगा त्यांच्याकडे बाल न्याय अधिनियम २०१५ खाली समितीच्या आदेशानं आहे, त्यांनी ठरवलं तरी त्या तुमच्या हातात देऊ शकत नाहीत. अर्ज बालकल्याण समितीकडे करायचा, शक्यतो बापाच्या नावानं, तो ऊसतोडीहून परत आला की लगेच. बरोबर मामा-मामींनी आम्ही सांभाळायला तयार आहोत असं लिहून द्यायचं. मग घराची चौकशी होते, कोण कोण राहतं, कमाई काय, दवाखाना किती लांब. चौकशीला आलेल्या बाईला मामींनी बुटाचं स्वतःहून सांगावं, त्यानं फरक पडतो. समितीचं धोरण शक्य असेल तर मूल घरच्यांकडे असंच असतं, संस्था हा शेवटचा पर्याय. त्यामुळे घाबरू नका.

पैशाची अडचण असेल तर बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये मिळतात, एक पालक गेलेल्या मुलाला अर्ज करता येतो, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारा. आणि पायाची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत होते, क्लबफूट त्या यादीत आहे, अंगणवाडीत येणाऱ्या डॉक्टरांच्या टीमला दाखवून ठेवा.

पण घाई कशाला करताय? मामींना आधी काही संध्याकाळी तिथं जाऊ द्या, सिस्टरांच्या शेजारी बसून बूट घालायला शिकू द्या. पोऱ्याला पण मामी ओळखीच्या होतील. एकदम उचलून आणलेलं पोर रात्री कोणाला शोधतं ते मी बघितलंय, तो राग मग बुटावर निघतो.

मामांच्या "बाटला" वर माझं मत विचाराल तर इतकी वर्षं भेटायला कोण गेलं होतं? मावशीच ना.

रविवारच्या गणिताचं, जा हो खुशाल. पोलीस व्हेरिफिकेशन मागतील, द्या, जी संस्था मागत नाही तिथं जाऊ नका. आणि पोरांचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत, त्याच बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे, मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्याकडे वाढदिवसाला डझनभर केळी वाटून पन्नास फोटो काढणारे दाते काही कमी नाहीत.

केळीवाला_रावेर
ताई शेवटचं वाक्य आमच्या काळजाला लागलं 😄 केळी आम्ही घड नेतो, डझन नाही, आणि फोटो काढत नाही.

भाऊ, गणित घ्यायला जाल तेव्हा पाढ्यांपासून सुरू करा. मी जायचो एका होस्टेलवर, सातवीच्या पोरांना भागाकार येत नव्हता पण लाजेनं कोणी सांगत नव्हतं.

रात्रपाळीची_नर्स
मामी जातील तेव्हा डॉक्टरची शेवटची तपासणी कधी झाली ते पण विचारून या. पाय वाढतो तसा बुटाचा नंबर बदलावा लागतो, छोटा झालेला बूट टाचेला घासतो आणि मग पोरगं घालू देत नाही. पायाची बोटं बुटाच्या पुढं आली असतील तर लगेच नवीन घ्यायचा.

चोपडेकर_भाऊ
बोटं थोडी पुढं आलेली दिसली होती मला. रविवारी मामींना घेऊन जातो, सिस्टरांना सांगतो. बाप्तिस्म्याचं पण त्याच वेळी तोंडावर विचारतो. मामा गाडी द्यायला तयार झालेत, पेट्रोल माझं.