ओपनकार्ट ३: शेकडो कॅटेगरींना एकदम चित्रं लावायची आहेत, क्वेरीसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ओपनकार्ट ३ (ऑनलाइन दुकानाचं सॉफ्टवेअर) वरच्या दुकानात शेकडो कॅटेगरी आहेत आणि बहुतेकींना चित्रच नाही. अ‍ॅडमिनमध्ये एकेक उघडून चित्र लावत बसलं तर मधली कुठलीतरी राहणारच. म्हणून प्रत्येक कॅटेगरीला तिच्यातल्याच एखाद्या चालू प्रॉडक्टचं चित्र द्यावं म्हणतोय, थेट पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून, म्हणजे डेटाबेस हाताळायच्या साधनातून.

इमेज कॉलममध्ये फक्त इमेज फोल्डरच्या आतला पाथ असतो, कॅटेगरीच्या टेबलात आणि प्रॉडक्टच्याही. म्हणजे फायली हलवायची गरज नाही, पाथ इकडून तिकडे नेला की झालं.

अडलंय ते इथे: सरळ जॉइन करून अपडेट चालवलं तर एका कॅटेगरीतल्या अनेक प्रॉडक्टपैकी कुठलं उचललं जाईल याचा भरवसा नाही. ऑर्डर बाय लावावं तर अनेक टेबलांच्या अपडेटमध्ये मायएसक्यूएल ते घेत नाही. शिवाय वरच्या कॅटेगरींना थेट प्रॉडक्ट जोडलेलेच नाहीत, सगळे सबकॅटेगरीत आहेत. त्यांना चित्र कुठून द्यायचं?

आणि हाताने निवडून लावलेल्या चित्रांना अजिबात धक्का लागायला नको. त्यावर खूप मेहनत झाली आहे.

प्रतिसाद:

दोन्ही अडचणी कॅटेगरी पाथ या टेबलाने सुटतील. त्यात प्रत्येक कॅटेगरीची स्वतःची आणि तिच्या वरच्या सगळ्यांची नोंद असते. ते प्रॉडक्ट टू कॅटेगरीला आणि पुढे प्रॉडक्टला जोडा, स्टेटस १ (म्हणजे चालू) आणि इमेज रिकामी नाही अशी अट घाला, पाथ आयडीवर ग्रुप बाय करा आणि सगळ्यात लहान प्रॉडक्ट आयडी घ्या. ही झाली आतली क्वेरी. बाहेरच्या अपडेटमध्ये ती कॅटेगरीला जोडा, त्या आयडीने प्रॉडक्ट पुन्हा जोडा आणि इमेज भरा. कॅटेगरीची इमेज नल (काहीच न भरलेली) किंवा रिकामी स्ट्रिंग असेल तरच, ही अट शेवटी हवीच. तुमची हाताने लावलेली चित्रं तीच वाचवणार आहे. नुसतं नल तपासू नका, बऱ्याच ओळींत रिकामी स्ट्रिंग असते.

ओपनकार्ट ३ ची टेबलं मायआयसॅम प्रकारची असतात, त्यात केलेला बदल मागे घेता येत नाही, त्यामुळे रोलबॅकवर विसंबू नका. आधी कॅटेगरी टेबलाची कॉपी करून ठेवा आणि हीच जोडणी सिलेक्ट म्हणून चालवून निकाल डोळ्यांखालून घाला. कॅटेगरी बाहेरून इम्पोर्ट केल्या असतील तर पाथ टेबल अर्धवट असू शकतं. अ‍ॅडमिनमधल्या कॅटेगरी यादीवरचं रीबिल्ड बटण आधी दाबा.

एवढं करूनही ज्या रिकाम्या राहतील त्यांच्याखाली चित्र असलेलं चालू प्रॉडक्टच नाही. तेवढ्या हाताने कराव्या लागतील.