तयार लेअर खाद्य की स्वतःचा मिक्सर? ५,००० पक्ष्यांसाठी सल्ला हवा

प्रश्न: ५,००० लेअर (अंड्यांच्या कोंबड्या) आहेत, वय ३८ आठवडे. तयार खाद्य उधारीवर येतं. दर गाडीला रंग आणि जाडी वेगळी असते. माल बदलला की चार-पाच दिवसांत अंडी घटतात, कवच पातळ येतं. एवढ्या पक्ष्यांना घरचं खाद्य परवडेल का?

उत्तर १: पक्ष्याला रोज ११० ग्रॅम धरा. दिवसाला ५५० किलो, महिन्याला साडेसोळा टन. ५०० किलोचा मिक्सर सहज पुरतो. अडतं ते भांडवलाशी, कारण मका आणि पेंड बहुतेक रोखीनंच घ्यावी लागते. तेवढा पैसा मोकळा नसेल तर कॉन्सन्ट्रेट (मका सोडून बाकी घटकांचं तयार मिश्रण) विकत घ्या आणि मका आपला घाला. प्रमाण पोत्यावर छापलेलंच पाळा. अंदाजानं मका वाढवला की प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही घसरतात. उधारीत सगळ्यात वाईट हे की खराब गाडी परत पाठवायची सोय राहत नाही.

उत्तर २: १ टनाचा ढोबळ हिशेब, किलोत: मका ५८०, सोयाबीन पेंड २३५, तेल काढलेला तांदळाचा कोंडा ६५, चुनखडीची खडी ९५, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) १२. उरलेल्या १३ मध्ये मीठ, मेथिओनिन (अमिनो आम्ल), प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण), टॉक्सिन बाइंडर (बुरशीचं विष धरून ठेवणारा घटक) वगैरे. प्रथिनं साधारण १६.४ टक्के, कॅल्शियम ४ च्या आसपास. पेंड ४५ टक्के प्रथिनांची धरली आहे. युरिया मिसळलेली पेंड प्रथिनांच्या चाचणीत उत्तम दिसते, म्हणून युरियाची चाचणी वेगळी करून घ्या.

पातळ कवचासाठी आधी खडी चाळून बघा. दोन तृतीयांश खडी २ ते ४ मिलिमीटरची हवी. कवच मुख्यतः रात्री बनतं. जाड खडी पेषणीत (पक्ष्याच्या दाणे दळणाऱ्या जठरात) थांबून रात्रभर विरघळत राहते, भुकटी लवकर संपून जाते.

उत्तर ३: १३ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेला मका साठवू नका. ओलावा मोजायचा मीटर नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर मका आणि चमचाभर कोरडं मीठ हलवून पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ च्या पुढे आहे. चिकटलं नाही म्हणून मका साठवण्याजोगा ठरत नाही, ते मीटरच सांगेल. नमुना गाडीतल्या मधल्या आणि तळच्या पोत्यांतून काढा.

आणि कृपा करून बाइंडरच्या भरवशावर बुरशीचा मका घालू नका. मातीचा साधा बाइंडर अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष धरतो, टी-२ सारख्या बुरशीच्या इतर विषांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

प्रश्नकर्ता: मिक्सर किती वेळ फिरवायचा?

उत्तर २: शेवटचा घटक पडल्यावर उभा मिक्सर १२ ते १५ मिनिटं, आडवा ४ ते ५. उभा काठोकाठ भरला तर वरचा माल फिरतच नाही. प्रीमिक्स थेट ओतू नका, २० किलो भरड्यात आधी हातानं कालवून घ्या. दळताना चाळणी ६ ते ८ मिलिमीटरची ठेवा. फार बारीक झालं की पक्षी जाड कण वेचून खातात आणि पीठ तसंच पडून राहतं, प्रीमिक्स त्या पिठातच असतं. नवं खाद्य पाव, अर्धं, पाऊण असं आठवडाभरात आणा.