चिनी काढा घेतोय, तरी रक्ततपासणीत यकृताचं एसजीपीटी वाढलंय. मदत हवी आहे

शांघायकर:
फॅटी लिव्हर ग्रेड २ निघालं म्हणून इथल्या चिनी औषधांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी जीभ बघितली, दोन्ही मनगटांची नाडी धरली, म्हणाल्या यकृताचं 'छी', म्हणजे प्राणशक्ती, तुंबलंय. काढा तिथेच उकळून सीलबंद पाकिटांत मिळतो. गरम पाण्यात पाकीट बुडवायचं, कोपरा कापायचा, दिवसाला दोन. सहा आठवड्यांत एसजीपीटी ६२ वरून १४८! थांबवू का? शनिवारी पुण्याला निघतोय, लवकर सांगा.

पावटा:
काढ्यात काय काय आहे?

शांघायकर:
बारा नावं, सगळी चिनीत. छायहू, शानझा, जुएमिंगझ एवढीच लागली.

रानभाजी:
जुएमिंगझ म्हणजे टाकळ्याचं बी की! कोवळा पाला लसणीवर परता, वरून ओलं खोबरं. अहाहा.

अण्णा६१:
कशाला चिनी? कुटकी आणि भुईआवळा घ्या. माझं लिव्हर ठणठणीत आहे.

पावटा:
अण्णा, आधीच चढलेल्या लिव्हरवर आणखी एक काढा?

मुसाफिर:
छायहू जपून. त्याच्या काढ्याने फुप्फुसं सुजून माणसं दगावली, म्हणून १९९६ मध्ये जपान सरकारने इशारा दिला होता.

पावटा:
तो हेपटायटिसच्या रुग्णांना दिलेला काढा. त्यांतले काही इंटरफेरॉन या औषधावरही होते. यांचा प्रश्न तो नाही, उगाच घाबरवू नका. शांघायकर, आणखी काय घेता? दारू?

शांघायकर:
दारू नाही. दोन वर्षं कोलेस्टेरॉलची गोळी. आणि केसांसाठी एक चूर्ण, पण ते दुकानातलं, त्याचा इथे काय संबंध?

पावटा:
डब्यावर नाव काय?

शांघायकर:
हशौवू.

पावटा:
अहो, हे आधी सांगायचं! हशौवू ही चिनी मुळी, तिने यकृताला इजा होते, खुद्द चीनच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये तसं बजावलंय. काळ्या सोयाबीनच्या पाण्यात शिजवलेलीही निर्धोक नाही. चूर्ण आणि काढा दोन्ही आजच बंद. कोलेस्टेरॉलच्या गोळीचं डॉक्टरांना विचारा, मनाने सोडू नका. उद्याच बिलिरुबिनसकट पुन्हा रक्त तपासा, चिठ्ठी आणि डबा दाखवा. डोळे पिवळे किंवा लघवी गडद वाटली तर उद्याचीही वाट बघू नका.

अण्णा६१:
भुईआवळा तरी चालेल ना?

शांघायकर:
डोळे ठीक आहेत. सकाळी रक्त देतो. पण डबा बायकोने आणलाय आणि तीही चार महिने घेतेय. तिचीही एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) करू का?